वीस तारखेचा कॉम्प्युटर

दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांची जीएसटीआर-३बीची मुदत २० तारखेला संपते. त्या संध्याकाळी घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात डोकावा. टॅलीत दोन कंपन्या उघड्या आहेत. एक्सेलमध्ये खरेदीची नोंदवही आणि पोर्टलवरून उतरवलेलं जीएसटीआर-२बी शेजारी शेजारी मांडलंय. ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल, दोन बँका, मेल, व्हॉट्सॲप वेब आणि त्यावर पक्षकारांनी धाडलेल्या बिलांच्या पीडीएफ. नेमक्या याच वेळी अँटिव्हायरसला आठवतं की आठवड्याची तपासणी राहिली. निळं चक्र फिरायला लागतं. चलन तयार झालं की नाही कळत नाही, पान पुन्हा उघडायला जावं तर पोर्टल बाहेर काढतं. मग कोणीतरी म्हणतंच, "आता हा डबा बदला."

बदलायला हरकत नाही. पण हीच मंडळी दुकानात गेली की पहिला प्रश्न विचारतात, "आय५ घेऊ की आय७?" रोजच्या कामाचा डेस्कटॉप निवडताना इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. कॉम्प्युटर जोखायचा तो सगळ्यात धावपळीच्या तासावर, आणि पैसे घालायचे ते त्या तासाला जिथे खोळंबा होतो तिथे. हा खोळंबा प्रोसेसरपाशी क्वचितच असतो. कोटेशनवर ज्या ओळीचा सर्वांत मोठा गवगवा होतो, ती ओळ तुमच्या कामात सहसा आडवी येत नाही.

खोळंबा कुठे आहे हे जुना कॉम्प्युटरच सांगतो, त्याला विचारलं तर. तो अडकलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख एकाखाली एक असतात. पाच-सात वर्षं वापरलेल्या मशीनवर बहुतेक वेळा असं दिसतं: सीपीयू वीस-पंचवीस टक्क्यांवर रमतगमत चाललाय, मेमरी नव्वदच्या पुढे गेलीय आणि डिस्क शंभराला चिकटून बसलीय. म्हणजे ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो तो प्रोसेसर रिकामा बसलाय, आणि त्याला हवा तो मजकूर वेळेवर मिळत नाहीय. उलट सीपीयूचाच आलेख सतत वर असेल, तर यादीत कोणता प्रोग्रॅम त्याला खातोय ते आधी बघावं. पुष्कळदा एखादं बिघडलेलं एक्स्टेन्शन नाहीतर अर्धवट राहिलेलं अपडेट सापडतं.

एका यंत्राने अनेक कामं एकाच वेळी करायची, ही कल्पना मुंबईत उपनगरांच्या आधी कुलाब्याला आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला, तेव्हा लोक छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन येत, आणि एकाचं गणित संपलं की दुसऱ्याचा गठ्ठा आत जाई. सत्तरच्या दशकात तिथे डेक कंपनीचं यंत्र आलं आणि अनेक टर्मिनलांवर बसलेली माणसं एकाच प्रोसेसरचा वेळ वाटून घेऊ लागली. प्रत्येकाला वाटे की यंत्र आपल्यासाठीच चाललंय. तिथल्याच संगणक गटातून १९८५ साली जुहूची एनसीएसटी ही संस्था उभी राहिली. आता ती सी-डॅकमध्ये आहे. तुमच्या टेबलावरचा डेस्कटॉप आजही हेच करतो, फक्त माणसांच्या जागी खिडक्या आल्या आहेत. चार-सहा कोअर असले की तेवढी कामं खरोखर एकाच वेळी चालतात. बाकीच्यांना सेकंदाच्या बारीक तुकड्यांनी पाळी मिळते. शिवाय उघड्या खिडक्यांपैकी बहुतेक काहीच करत नसतात, तुमच्या पुढच्या क्लिकची वाट बघत असतात. त्या प्रोसेसर अडवत नाहीत, जागा अडवतात.

जागा म्हणजे रॅम. रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क हा वरचा माळा असं समजा. ओट्यावर मावतंय तोवर हात भराभर चालतो. ओटा भरला की दर खेपेला स्टूल लावून माळ्यावर चढायचं, एक डबा वर ठेवायचा, दुसरा खाली काढायचा. विंडोज हेच करतं. रॅम भरत आली की आधी आतला मजकूर दाबून लहान करतं, तरीही पुरेना तर काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन टाकतं. तुम्ही टॅलीवरून ब्राउझरवर आलात की तो परत आणावा लागतो. निळं चक्र फिरतं ते या चढउतारात.

ब्राउझर इतकी जागा का खातो? गुगलने २००८ साली क्रोम आणला तेव्हा वेगवेगळ्या टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवायची पद्धत रुळवली. एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहतात, एका साइटला दुसरीच्या मजकुरात डोकावता येत नाही. नेटबँकिंगच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. विंडोज ११ नुसतं सुरू होऊन बसलं तरी तीन-चार जीबी घेतं. त्यामुळे ८ जीबीच्या मशीनवर वीस तारखेसाठी उरतो तो निम्मा ओटा. मायक्रोसॉफ्टच्या कागदावर विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागतात असं लिहिलंय. ते सुरू होण्यापुरतं खरं आहे, काम करण्यापुरतं नाही. माझं मत सरळ आहे: एका माणसाच्या ऑफिसकामाला १६ जीबी, आणि नवीन मशीन ८ वर घेऊच नये. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव असे भडकले की दुकानदार आता "आत्ता आठ टाका, मग वाढवू" असं हमखास सुचवतात. अशा वेळी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा, पण रॅम कापू नये.

घरच्या कॉम्प्युटरचा हिशेब वेगळा असतो, आणि तो कुठल्याही कोटेशनवर नसतो. बोरिवलीतल्या वन बीएचकेत एकच डेस्कटॉप आहे. सकाळी आई सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती करते, दुपारी मुलीचा क्लास, रात्री बाबांचं ऑफिस. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन आहे, ते चांगलंच. पण आई साइन आउट न करता नुसतं स्विच युजर करून उठली, तर तिचे ब्राउझरचे चौदा टॅब रॅममध्ये तसेच बसून राहतात. मुलगी आपल्या टॅबची भर घालते. रात्री बाबा बसतात तेव्हा तिघांचा पसारा एकाच ओट्यावर असतो, आणि बाबांना वाटतं व्हायरस आलाय. उठताना साइन आउट करायची सवय सगळ्यांना लागली तर उत्तमच. ती लागत नसेल, आणि बहुतेक घरांत लागत नाही, तर ३२ जीबी ही चैन नव्हे.

आता माळ्याकडे, म्हणजे डिस्ककडे. इथे थोडं गणित करू, कारण सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त फरक याच ओळीने पडतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरी सव्वाआठ मिलिसेकंदांची. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, चार मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेला एक तुकडा वाचायला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. विंडोज मेमरीचा हिशेब ४ केबीच्या पानांत ठेवतं. पेज फाइलमध्ये गेलेली ४०० एमबीची एक्सेल परत आणायची तर अशी लाखभर पानं झाली. ती अगदी विखुरलेली असतील आणि एकेक करून आणायची म्हटलं, तर वीस मिनिटांहून जास्त लागतील. प्रत्यक्षात विंडोज शेजारची पानं एकत्र उचलतं म्हणून इतकी वाट बघावी लागत नाही, पण मिनिट-दोन मिनिटं जातात ती यामुळेच. एसएसडीत फिरणारं काही नसतं. एक तुकडा साधारण दशांश मिलिसेकंदात मिळतो, सेकंदाला दहा हजारांच्या आसपास. तेच लाखभर पानांचं काम दहा सेकंदांत.

म्हणून "१ टीबी" एवढंच लिहिलेलं कोटेशन वाचलं की विचारायचं, कसली? हार्ड डिस्क असेल तर ती फक्त लग्नाचे व्हिडिओ आणि जुने फोटो ठेवायला. विंडोज आणि टॅली एसएसडीवरच हवेत, आणि बहुतेकांना ५१२ जीबी पुष्कळ होते. एसएसडीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. पहिली सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, दुसरी साडेतीन हजार आणि त्याहूनही पुढे. खोक्यावरचे हे आकडे मोठ्या फाइल सलग वाचतानाचे असतात. हार्ड डिस्कवरून साट्यावर येताना जसा जीव सुटल्यासारखं होतं, तसं साट्यावरून एनव्हीएमईवर येताना होत नाही. भावात फरक उरला नसल्याने एनव्हीएमईच घ्यावी, पण सेकंदाला ७,००० एमबीच्या जाहिरातीला भुलून जास्तीचे पैसे देऊ नयेत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जुन्याच मशीनला एसएसडी आणि रॅम टाकली तर? काही वर्षांपूर्वी मी हेच सांगितलं असतं आणि हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१७ च्या आधीचे बहुतेक डेस्कटॉप त्यात बसत नाहीत. पत्रव्यवहार आणि यूट्यूबपुरतं मशीन असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाकून आणखी काही वर्षं सुखाने काढता येतील. पण ज्या टेबलावर टॅली आहे आणि यूएसबीला डिजिटल सहीचं टोकन लागतं, तिथे विंडोजला पर्याय शोधण्यात वेळ जातो आणि हाती फारसं लागत नाही.

राहता राहिला प्रोसेसर. इंटेलच्या नावात आय३, आय५ याच्या पुढचा आकडा महत्त्वाचा. आय५-१२४०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी. २०१३ चा आय७-४७७० आणि २०२२ चा आय३-१२१०० दोन्ही चार कोअर, आठ थ्रेडचे. पण हा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. त्यामुळे "आय७ आहे, एकदम टॉप" असं कोणी जुन्या मशीनबद्दल सांगितलं, तर पिढी विचारावी. रोजच्या कामाला बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय३ पुरतो. आय५-१२४०० चे सहा कोअर किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला तर पुढची सहा-सात वर्षं प्रोसेसरचं नावही काढावं लागत नाही. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिपांना कोअर अल्ट्रा ५, अल्ट्रा ७ अशी नावं द्यायला सुरुवात केल्याने गोंधळ वाढलाय, पण पिढी आणि कोअर विचारायची युक्ती तिथेही चालते. नव्या चिपांचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. यूट्यूब व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवतं. तो उलगडायची सोय चिपमध्येच नसेल तर सगळा भार कोअरवर पडतो. इंटेलमध्ये व्हीपी९ ची पुरती सोय सातव्या पिढीत आली, एव्ही१ ची अकराव्या. एका खिडकीत मुलाचं लेक्चर आणि दुसरीत तुमचं काम, हे जुन्या मशीनवर का जमत नाही याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

खरेदीला जायचं कुठे? ब्रँडेड डबा अंधेरीच्या मॉलमध्येही मिळतो. अंधेरीला तर कॉम्प्युटर परका नव्हेच: १९७३ पासून सीप्झ हा निर्यात-उद्योगांचा विभाग आहे, आणि १९८० साली सुरू झालेल्या झेनिथ कॉम्प्युटर्सने इथूनच देशभर डेस्कटॉप विकले. पण सुटे भाग निवडून जोडून घ्यायचे तर मुंबईकर अजून लॅमिंग्टन रोडच गाठतो. १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नरचं नाव रस्त्याला होतं, पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. बोरिवलीहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. फास्टने गेलात तर मुंबई सेंट्रलला उतरून चालावं लागतं. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी दादरला गाडी बदलायची. परतताना कॅबिनेट हातात असेल तर गर्दीच्या वेळेआधी निघा. हल्ली कॅबिनेटला एका बाजूला काच असते, आणि संध्याकाळच्या विरार लोकलला काचेचं अप्रूप नाही.

दुकानात कोटेशन लिहून घ्यावं आणि दोन-तीन ठिकाणी फिरवावं. त्या कागदाच्या चार जागांवर बोट ठेवायचं. पहिली, प्रोसेसरच्या शेवटचं अक्षर. १२४०० आणि १२४००एफ यांत एफवाला स्वस्त पडतो, कारण त्याच्यात चित्र दाखवणारा भागच नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. मग त्यासोबत जीटी ७१० सारखं २०१४ च्या पिढीतलं कार्ड जोडून दिलं जातं आणि गिऱ्हाइकाला वाटतं कार्ड वरून मिळालं. दुसरी जागा, रॅम कशी भरली आहे. स्वस्त मदरबोर्डवर दोनच खाचा असतात. त्यात ८ च्या दोन पट्ट्या बसवल्या तर दोन्ही मार्ग एकदम वापरले जातात, वेग थोडा वाढतो. पण उद्या ३२ करायचे झाले तर दोन्ही काढून टाकाव्या लागतात. ऑफिसकामात तो वाढीव वेग जाणवत नाही. पुढे मेमरी वाढवायची जरा जरी शक्यता असेल तर १६ ची एकच पट्टी घ्यावी आणि एक खाच मोकळी ठेवावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हेही आधीच ठरतं. तिसरी जागा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. कॅबिनेटबरोबर "आलेला" पाचशे वॉटचा एसएमपीएस घेऊ नये. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप रोजच्या कामात शंभर वॉटही खात नाही, त्यामुळे मोठा आकडा लागतच नाही. लागतो तो स्थिर वीज देणारा, नावाजलेल्या कंपनीचा आणि वेगळ्या वॉरंटीचा. चौथी जागा सगळ्यात खाली असते: पक्कं बिल. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं, आणि नसली तरी प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर असल्याशिवाय वॉरंटीचं भांडण तुम्ही जिंकत नाही. "बिल नको असेल तर एवढे कमी" ही सवलत मशीन पहिल्यांदा बिघडेल त्या दिवशी वसूल होते. विंडोजचंही तेच. "टाकून देतो" याचा अर्थ परवाना नाही. तो वेगळा मागावा आणि बिलावर लिहून घ्यावा.

असेंबल्ड की ब्रँडेड, यावर लोक तावातावाने भांडतात. मला त्यात तेवढा दम दिसत नाही. घरी कोणाला स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल, किंवा हाकेच्या अंतरावर भरवशाचा मेकॅनिक असेल, तर असेंबल्ड. त्यातला एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. ऑफिसात एक दिवसही मशीन बंद राहून चालणार नसेल तर जागेवर येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची वॉरंटी असलेला ब्रँडेड डबा. त्यातले एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्याच मापाचे असतात, वॉरंटी संपल्यावर बाजारातला भाग बसत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. मोठ्या कंपन्यांनी भाड्याची मुदत संपल्यावर परत केलेली डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिटडेस्क, लेनोव्होची थिंकसेंटर मशीनंही बाजारात असतात, आणि तंग बजेटला मी नव्या सुमार डब्यापेक्षा हीच सुचवेन. अट एकच, आठवी पिढी किंवा पुढची. आय५-८५०० चे सहा कोअर, १६ जीबी रॅम आणि कोरी एसएसडी असलेलं असं मशीन वीस तारखेची संध्याकाळ नीट काढतं. सहाव्या पिढीचं मशीन कितीही चकचकीत पुसलेलं असलं तरी नको.

जागाच नसेल तर मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसणारे मिनी पीसी आहेत. ॲपलचा मॅक मिनी २०२४ पासून १६ जीबीने सुरू होतो आणि फार चांगला आहे, पण टॅली त्यावर थेट चालत नाही, आणि आतली मेमरी नंतर वाढवता येत नाही.

प्रोसेसरवर वाचवलेले पैसे दुसऱ्या पडद्यावर घालावेत. खिडक्या उघड्या असणं आणि त्या एकाच वेळी दिसणं यांत खूप अंतर आहे. २बी एका पडद्यावर आणि खरेदी दुसऱ्यावर असली की दर ओळीला मागेपुढे करावं लागत नाही, मान आणि डोळे दोन्ही वाचतात. त्यासाठी नवा मॉनिटर लागतोच असंही नाही. जुना, व्हीजीए पिनेचा मॉनिटर बाजूला उभा करा. स्वस्त बोर्डांवर आजही एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय असतं, तिथे तो सरळ लागतो. बोर्ड निवडताना मागच्या बाजूचं चित्र पाहून ही भोकं मोजून घ्यावीत.

मुंबईचं हवामान आणि वीज या दोन गोष्टी परदेशी परीक्षणांत नसतात. उपनगरांत सुताराकडून करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलात कॅबिनेटसाठी मागून बंद असलेला कप्पा असतो. मे महिन्यात त्यात गरम हवा कोंडते, चिप आपला जीव वाचवायला वेग कमी करते आणि दुपारी मशीन स्लो झाल्याची तक्रार येते. त्या कप्प्याची मागची फळी काढली की पुष्कळ काम होतं. तळमजल्याच्या दुकानात आणि ऑफिसात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो विक्रम आहे, पण फूटभर पाणी आत यायला विक्रमाची गरज पडत नाही. वर्सोवा, गोराईकडे खारा वारा असतो, तिथे वर्षातून एकदा कॅबिनेट उघडून साफ करून घ्यावा.

विजेचं म्हणाल तर अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला बहुतेकांकडे अदानी किंवा टाटा, मुलुंडला महावितरण. मुलुंडकरांना यूपीएसबद्दल पटवावं लागत नाही. बाकीच्यांना सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल, सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई अंधारात गेली आणि घरून काम करणारे जिथल्या तिथे थांबले. ६०० व्हीएचा यूपीएस एका साध्या डेस्कटॉपला काही मिनिटं देतो. ती काम करत राहण्यासाठी नसतात, टॅली नीट बंद करण्यासाठी असतात, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा फाटू शकतो. राउटरही त्याच यूपीएसवर ठेवावा, चलन भरताना पडदा चालू आणि नेट बंद असं व्हायला नको. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. बीप वाजायला लागल्यावर ती बदलायची, तारच काढून टाकायची नाही.

जुनं मशीन विकायचं किंवा भंगारवाल्याला द्यायचं तर डिस्क काढून घ्या. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, आणि जुन्या टॅलीच्या डेटाची एक प्रत हाताशी असणं केव्हाही बरं. वेगळा पॉवर अडॅप्टर असलेल्या केबलने ती डिस्क नव्या मशीनला यूएसबीवरून जोडता येते. डिस्क द्यायचीच असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नये; त्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. विंडोजच्या रिसेटमध्ये डेटा साफ करायचा पर्याय निवडावा. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर पुन्हा लिहून मजकूर घालवायला दोन-तीन तास लागतात, ते रात्री लावून ठेवावं.

नवं मशीन घरी आलं की पुन्हा ती तीन बटणं दाबायची आणि टास्क मॅनेजरमध्ये कोटेशन पडताळायचं. सीपीयूच्या पानावर चिपचं पूर्ण नाव असतं. मेमरीच्या पानावर एकूण जीबी, वेग आणि दोनपैकी किती खाचा भरल्या तेही दिसतं. विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्या नावाखाली एसएसडी लिहिलेलं हवं. एचडीडी दिसलं तर विंडोज चुकीच्या डिस्कवर टाकलंय. मग वीस तारखेला उघडतं तेवढं सगळं मुद्दाम एकदम उघडायचं, दुसऱ्या लॉगिनवर व्हिडिओ लावायचा आणि तासभर काम करून मेमरीचा आकडा बघायचा. तो पंच्याहत्तर टक्क्यांच्या आत राहिला तर ठीक. त्याच्या पुढे गेला तर मोकळ्या खाचेत दुसरी पट्टी आत्ताच टाकून घ्यावी. सुरुवातीच्या दिवसांत दुकानदार भाग बदलून देतो किंवा फरकाने वाढवून देतो, त्यानंतर तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता लिहून देतो.